मागची चाकं

गणेशोत्सवात पुण्याच्या नारायण पेठेत गाडी बाहेर काढायची सोय नसते. केळकर रस्ता विसर्जन मिरवणुकीचा, गल्ल्यांमध्ये मांडव. मिळेल त्या जागी हँडब्रेक ओढून लावलेली गाडी अनंत चतुर्दशी उलटेपर्यंत पावसात भिजत राहते. नंतर गिअर टाकावा तर मागून ‘कट्’ असा आवाज येतो आणि मग गाडी हलते. ओलीनं मागच्या ब्रेकच्या ड्रमला आतून गंज धरतो, लायनर त्याला चिकटून बसतात. जागा सपाट असेल तर इतके दिवस हँडब्रेक ओढून ठेवूच नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

बहुतेक घरगुती गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढच्या चाकांवर पडतं. त्यामुळेच मागचे ब्रेक बिघडले तरी गावातल्या गर्दीत पत्ता लागत नाही. पुढचे सांभाळून घेतात. पत्ता लागतो तो दिवे घाटाच्या उतारावर, माणसं आणि सामान खचाखच भरलेलं असताना.

गाडीतला एसी आपल्यासाठी, गाणी आपल्यासाठी. ब्रेक मात्र पहाटे मोदी गणपतीच्या दर्शनाला निघालेल्या, ऐकू कमी येणाऱ्या आजोबांसाठीही असतो. त्यांची आपली ओळखही नसते. म्हणून तक्रार नसली तरी पावसाळा सरल्यावर मागचे ड्रम उघडायला सांगावेत आणि शेजारी उभं राहून बघावं.

अडकलेल्या ड्रमवर बऱ्याचदा आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आवळत गेलं की ड्रम सुटून येतो. आतली काळी धूळ फुंकू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. मग व्हील सिलेंडरच्या रबरी टोपीची कड अलगद उचलायची. आत ओल दिसली तर सिलेंडर गळतोय. ब्रेक ऑइल प्यायलेला लायनर कितीही घासला तरी कामाचा नाही. बदलायचे ते दोन्ही चाकांचे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. ड्रम किती झिजलेला चालेल तो आकडा बहुधा त्याच्यावरच उमटवलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम लेथवर घासून वेळ मारून नेणं मला अक्षम्य वाटतं. स्प्रिंगा सोडायच्या असतील तर एका वेळी एकच चाक उघडावं, म्हणजे दुसरं नमुन्याला शाबूत राहतं.

सगळं बसवल्यावर चाक हातानं फिरवून बघायचं. लायनर किंचित घासल्याचा आवाज चालेल, चाक अडता कामा नये. मग पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घ्यायचं, आणि पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, सावकाश.