सातशे सत्त्याहत्तर

ज्याच्यावर विश्वास, त्याच्या हाती किल्ली. परवानगी आणि विश्वास ही एकाच नाण्याची नावे, असे मी परवापर्यंत धरून चाललो होतो. ह्या समजुतीला सुरुंग लावला माझ्या जुन्या संगणकाने. पिरंगुटला, रविवारी सकाळी, पोहे गार होत असताना.

ह्या संगणकावर लिनक्स आहे. ते फुकट मिळते, एवढे एकच तत्त्वज्ञान ऐकून मी भाच्याकडून ते घालून घेतले. त्यावर आमच्या सोसायटीचा जमाखर्च असतो. (बी.कॉम. झालेला, त्यातून बँकेत कारकून! त्याला खजिनदारपद चुकत नाही.) शनिवारी रात्री मी पॅकेजे अपग्रेड केली आणि सकाळी जमाखर्चाचा प्रोग्रॅम म्हणाला, ‘परवानगी नाही.’ माझ्याच घरात, माझ्याच वहीला!

मागाहून कळले ते असे. भाच्याने त्या प्रोग्रॅमच्या फाइलला हाताने खास परवानगी दिली होती. नवी फाइल आली ती पॅकेज बांधणाऱ्याने ठरवलेल्या परवानग्या घेऊन आली. असे अपवाद नोंदवायला तिथे चक्क एक रजिस्टर असते. भाच्याने नोंद केली नव्हती. आमच्या बँकेत मेमो मिळाला असता.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलचे तीन संबंधित: मालक, त्याचा गट आणि उरलेले जग. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १. बेरीज करून ज्याचा त्याला आकडा द्यायचा. आता पिरंगुटच्या माणसाला हे काय शिकवायचे? सातबारा कुणीही वाचावा; नोंद घालणार तलाठी, मंजूर करणार मंडल अधिकारी. जमीन ज्याची, त्याला स्वतःला मात्र त्यात स्वल्पविरामही टाकता येत नाही.

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. म्हणाले, “अहो, ७७७ देऊन टाका. सगळ्यांना सगळं. कटकट मिटली!” मला हा आकडा फार आवडला. त्यात एक प्रकारचा वारकरी उदारपणा आहे. मी जमाखर्चासकट माझ्या सगळ्या चंबूगबाळ्याला ७७७ दिले. प्रोग्रॅम मुकाट चालू लागला. पोहे पुन्हा गरम झाले.

रात्री हिशोबाची एक प्रत भाच्याच्या संगणकावर जाते. त्यासाठी एक गुप्त किल्ली असते, म्हणजे तीही एक फाइलच. तिने जायला नकार दिला. ही किल्ली सगळ्यांना उघडी आहे, सबब वापरणार नाही, असा इंग्रजीत खलिता आला. मी चक्रावलो. परवानगी कमी पडली म्हणून काम अडलेले मी जन्मभर पाहिले आहे. जास्त झाली म्हणून अडलेले प्रथमच पाहिले.

आणि मग झोप लागेना, कारण पंधरा वर्षांपूर्वीची शाखा आठवली.

तिथे माझा पासवर्ड मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगून ठेवला होता. मित्रच तो. मित्राला ‘नाही’ कसे म्हणायचे? एकदा मी लग्नाला गेलो असताना माझ्या नावावर चार हजारांची एक नोंद चुकीच्या खात्यात पडली. बोट सरळ त्याच्याकडे गेले. तीन आठवडे तो डबा एकटा खात होता. ‘ह्याने केलेले नाही’ असे मला ओरडून सांगायचे होते. पण ठाऊक कुठे होते? पैसे सापडले. चूक कोणाची ते कधीच कळले नाही, कारण तोवर माझा पासवर्ड निम्म्या शाखेला पाठ झाला होता.

मी त्याच्यावर विश्वास टाकला, असे मला वाटत होते. खरे म्हणजे मी त्याच्यावर संशय टाकण्याची सोय करून ठेवली होती. ज्याला किल्ली दिलीच नाही, त्याच्याकडे कोण बोट दाखवणार? स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्या दोघे चोर म्हणून नव्हे. दोघांनाही रात्री झोप लागावी म्हणून.

सकाळी भाच्याला फोन करून सगळे आकडे जागेवर आणले. किल्लीला ६००. जमाखर्च सेक्रेटरींना फक्त वाचता येईल असा ठेवला. ते म्हणाले, “म्हणजे आमच्यावर विश्वास नाही म्हणा की!” मी त्यांना चहा दिला. काय सांगणार?

दुपारी मात्र धीर करून त्या जुन्या मित्राला फोन लावला. पंधरा वर्षे उशिरा माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसला.

“अरे, तुझा पासवर्ड अजून पाठ आहे मला,” तो म्हणाला. “वहिनींचं माहेरचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. बदललास की नाही?”