तपासणारा हात

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीतल्या बहुतेक नियमांना एकेक तारीख आहे. बूट काढायला लावणं सुरू झालं त्यामागे 22 डिसेंबर 2001 आहे. त्या दिवशी पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड नावाच्या माणसाने बुटात दडवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. (अमेरिकेने ही सक्ती अखेर जुलै 2025 मध्ये उठवली.) बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, ती लंडनमध्ये ऑगस्ट 2006 मध्ये उघडकीला आलेल्या, द्रव स्फोटकांनी विमानं उडवायच्या कटामुळे. रांगेत उभे राहून आपण करवादतो, तेव्हा यातलं काहीच मनात नसतं.

मला मात्र अशा रांगेत एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान आठवतं. 22 जून 1985 ला व्हँकुव्हरच्या विमानतळावर एका माणसाने आपली बॅग पुढच्या विमानात परस्पर चढवावी असा हट्ट धरला. त्याचं पुढचं तिकीट पक्कं नव्हतं, तरी काउंटरवरच्या बाईंनी गर्दीच्या वेळी ते मान्य केलं. बॅग गेली, माणूस विमानात चढलाच नाही. टोरांटोला सामान तपासणारं क्ष-किरण यंत्र ऐन वेळी बंद पडलं आणि उरलेल्या बॅगांवरून हातात धरायचं एक यंत्र फिरवून काम भागवलं गेलं. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, समुद्रावर, ते विमान फुटलं. 329 माणसं गेली. शाळांना सुट्टी लागली म्हणून मुलांना घेऊन भारतात आजोळी निघालेली कितीतरी कुटुंबं त्यात होती. मालक विमानात नसेल तर त्याचं सामान उतरवायचं, हा दंडक त्यानंतर जगभर कडक झाला. आपलं विमान कधी उशिरा सुटतं, कारण कुणाची तरी बॅग पोटातून शोधून काढायची असते. तो उशीर त्या माणसांचं आपल्यावरचं देणं आहे असं मी मानतो.

म्हणून तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न आहे तो तपासणाऱ्या हाताचा.

बहिणीच्या बाळंतपणासाठी आम्ही आई-बाबांना घेऊन अमेरिकेला निघालो होतो. युरोपातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. आईच्या बोर्डिंग पासवर ‘एस’ हे अक्षर चार वेळा छापलेलं होतं. जादा तपासणीसाठी निवडलेल्या प्रवाशाची ती खूण. गेटपाशी तिला एकटीला बाजूला घेतलं. गुडघ्याचा सांधा बदललेला, त्यामुळे यंत्र वाजलंच. पहिल्या कर्मचाऱ्याने गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बोट दाखवून ट्रेकडे खूण केली, पुन्हा केली, मग आवाज चढवला. आईला इंग्रजी समजत नाही. समजलं ते एवढंच, की आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडला आहे. आम्हाला दोरीच्या अलीकडे थांबवलेलं. तेवढ्यात दुसरी एक बाई आली. हात लावण्याआधी तिने प्रत्येक वेळी आपला तळवा आईला दाखवला, मान हलवून परवानगी मागितली, मग पदरावरून हाताची मागची बाजू फिरवली. डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला, लाडवांना स्पर्श केला नाही, काठावरून पांढरी पट्टी फिरवून ती यंत्रात घातली आणि हिरवा दिवा लागल्यावर झाकण घट्ट बसल्याची खात्री करून डबा आईच्या हातात दिला. नियम तोच, यंत्रही तेच. मंगळसूत्र तर काढावंही लागलं नाही.

2009 मध्ये दिल्लीला माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची एका अमेरिकी विमान कंपनीने झडती घेतल्याचं उघड झालं, तेव्हा देशभर संताप उसळला आणि कंपनीने माफी मागितली. कलामांनी स्वतः तक्रार केली नव्हती. मला तेच बरोबर वाटतं. यंत्रापुढे माजी राष्ट्रपतीने उभं राहण्यात अपमान नाही, उलट सूट मिळणाऱ्यांची यादी छोटी असावी. डिसेंबर 2010 ची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकेतल्या आपल्या राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर रांगेतून बाजूला काढून अंगझडती घेतली गेली, आणि साडी नेसल्यामुळे असं झाल्याचं सांगण्यात आलं. तिथे संशयाचं कारण पोशाख ठरला. नाव, दाढी, पदर किंवा कातडीचा रंग पाहून केलेली निवड माझ्या लेखी सुरक्षा नव्हेच. बॅगेवरचं लक्ष माणसावर गेलं, की बॅग सुटते.

मुलांच्या घरच्या बाळंतपणासाठी आपल्याकडून साठी-सत्तरीतल्या कितीतरी आया एकट्याच अमेरिकेला जातात. मुलांनी कागदावर इंग्रजीत लिहून दिलेली चार वाक्यं त्यांच्या पर्समध्ये असतात: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गोळ्या रक्तदाबाच्या आहेत. बोर्डिंग पासवरच्या त्या चार ‘एस’चं काय, हे त्या कागदावर नसतं, कारण मुलांनाही ते आधी कळत नाही. निवड कशामुळे झाली हे सांगणं सुरक्षेच्या दृष्टीने शक्य नसेल, हे मला पटतं. पण आता काय करणार, किती वेळ लागेल, बाईच तपासेल आणि हवं तर आडोशाला तपासेल, एवढं हिंदी-मराठीत छापलेला एक कागद गेटवर ठेवायला कोणती सुरक्षा आड येते?