रेघ आणि नाते

कोण कोणाजवळ वावरतो याच्या नोंदी करून प्राण्यांच्या संबंधांचे जाळे आखणारे एक शास्त्र आहे. न्यूझीलंडच्या एका खाडीतील ६२ डॉल्फिनांचे असे जाळे २००३ साली प्रसिद्ध झाले; गटागटांना सांधणारे मोजके डॉल्फिन त्यातून पुढे ओळखता आले. मला याचे कौतुक वाटते. पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एका पाणवठ्याशी आलेले काळवीट सोबती म्हणावेत, की नुसते तहानलेले? रेघ जवळिकीची असते. नाते आपण जोडतो. काळविटाचे त्याने बिघडत नाही. माणसाचे बिघडते. याच सोलापुरात, जन्माच्या संगतीवरून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती तारेच्या कुंपणात कोंडल्या होत्या. १८७१ पासून बदलत चालत आलेला तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. म्हणून रेघ ओढण्यापूर्वी मी विचारतो : पाहिले किती, आणि मानले किती?