नाही म्हणणारी घरं

पुण्याच्या हवेत सेंट बर्नार्ड पाळायची हौस माणसाला का होते, हे कोडं मला सुटलेलं नाही. आल्प्सच्या बर्फात वाढलेली ही जात. अंगावर केसांचा दुहेरी थर, वजन साठ-सत्तर किलो, तोंडातून सतत लाळ आणि आयुष्य साधारण आठ-दहा वर्षांचं. पिल्लू घरी येतं तेव्हा अख्ख्या सोसायटीच्या मोबाइलमध्ये त्याचे फोटो असतात. वर्षभरात ते सोफा अडवतं, विजेचं बिल फुगवतं, कामाच्या मावशी ‘एक तर तो, नाहीतर मी’ म्हणून मोकळ्या होतात. मग एका पहाटे कुणीतरी त्याला गाडीत घालून घाटाच्या तोंडाशी उतरवून येतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत त्या कुत्र्याचं एक वेळचं जेवणही होत नाही.

असाच एक सध्या आमच्या ओळखीच्या एका ताईंकडे आहे. त्यांनी त्याचं नाव दाजी ठेवलं, कारण आल्यापासून तो रुसलेल्या जावयासारखा कोपऱ्यात पाठ करून बसून होता. मानेवर दोरीचा वळ, तिथले केस गेलेले. दोन्ही कोपरांवर जाड, काळे घट्टे. इतक्या वजनाचं जनावर वर्षानुवर्षं नुसत्या फरशीवर झोपवलं की असे घट्टे पडतात, हे डॉक्टरांनी सांगितलं. त्याला जिना चढता येत नाही. पायरीशी येतो, पुढचा एक पाय वर ठेवतो, थरथरतो आणि पाय परत घेतो. केरसुणी दिसली की टेबलाखाली घुसतो, म्हणजे डोकं घुसतं, बाकीचा दाजी बाहेरच राहतो. आणि जेवताना कुणी जवळून गेलं तर गुरगुरतो. हे शेवटचं महत्त्वाचं आहे.

ताईंनी त्याचा फोटो टाकला आणि फोन वाजायला लागला. दयाळू माणसांची आपल्याकडे खरंच वाण नाही. एकाला फार्महाऊसवर राखणीला हवा होता, माणूस तिथे शनिवार-रविवारीच असणार होता. एका आईला मुलाच्या वाढदिवसाला द्यायचा होता, तोही सरप्राइज म्हणून. एकाने पहिलाच प्रश्न विचारला, ‘नसबंदी झाली नाहीये ना?’ त्याला पिल्लं विकायची होती. ताई सगळ्यांना नाही म्हणत गेल्या. ओळखीतले म्हणायला लागले, ‘अहो, इतकी कसली चिकित्सा? रस्त्यापेक्षा बरंच आहे की!’

या ‘रस्त्यापेक्षा बरं’ला मी कधी कधी बिचकतो. वाक्य खरं असतं, म्हणूनच घातक. ते एकदा मान्य केलं की कुठलंही घर चालतं, आणि मग हळूच दुसरी तडजोड सुरू होते. गुरगुरण्याचं सांगायचं टाळलं जातं. ‘थोडा लाजरा आहे’ असं म्हटलं जातं. वय दोन वर्षांनी कमी होतं. खर्चाचा विषय निघाला की ‘आपण जे खातो तेच खाईल’ असं उत्तर मिळतं. बोलणाऱ्याला वाटतं, एका जिवाचं भलं होतंय, एवढंसं खोटं चालतं. पण ज्या घरात लहान मूल आहे, त्याला या खोट्याची किंमत टाक्यांनी मोजावी लागू शकते. आणि कुत्रा परत येतो. एकदा परत आलेल्या कुत्र्याला ‘चावरा’ हा शिक्का बसतो, आणि मग त्याला घर मिळणं जवळजवळ संपतं. दयेपोटी बोललेल्या खोट्याला आपण फार सहज माफ करतो, असं माझं मत आहे.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावलेल्या नामदेवांची तुपाची वाटी आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. ती धाव थोरच. पण ती एका पोळीपुरती होती. तो कुत्रा मागून घरी राहायला आला, असं कुणी सांगत नाही. सोडवणं ही एका सकाळची गोष्ट असते, तिचा व्हिडिओ निघतो, लोक हात जोडतात. पुढची आठ वर्षं रोज दोनदा फिरवणं, म्हातारपणी मागचे पाय गेल्यावर साठ किलोचं ओझं दोघांनी चादरीत उचलून दवाखान्यात नेणं, याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. रिक्षावाले थांबत नाहीत, हा तर अनुभवाचा भाग.

म्हणूनच मला त्या फोनांमधला एक फोन सगळ्यांत मोलाचा वाटतो. निवृत्त जोडपं, तळमजल्यावर घर, अंगण. कागदावर अगदी जमण्यासारखं. ते येऊन तासभर बसले. काकांनी दाजीला हाक मारली नाही, हात लावला नाही. तोच उठून आला आणि त्यांच्या चपला हुंगून गेला. काकूंनी विचारलं, ‘हा ओढायला लागला तर मला आवरेल का?’ ताईंनी सांगितलं, ‘नाही आवरणार.’ दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी फोन आला, आम्हाला झेपणार नाही. काकूंच्या आवाजात अपराधीपणा होता. ताई म्हणाल्या, ‘काकू, तुम्ही त्याच्यावर उपकार केलेत.’

नाही म्हणणाऱ्याला आपल्याकडे कोरडा, स्वार्थी ठरवायची घाई असते. पण या जातीचं ज्यांच्याशी नाव जोडलं आहे, त्यांचंच बघा. इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठाने ही कुत्री सुमारे तीनशे वर्षं वाढवली. बर्फात अडकलेल्या वाटसरूंचे जीव वाचवणारा बॅरी तिथलाच, तो 1814 मध्ये गेला. पुढे बोगदा झाला, बचावाला हेलिकॉप्टर आली, मठात मोजकेच धर्मगुरू उरले. तेव्हा 2004 मध्ये त्यांनी उघड सांगितलं की आता ही कुत्री आमच्याच्याने होत नाहीत. 2005 मध्ये डोंगराखालच्या मार्टिन्यी गावात बॅरीच्या नावाने प्रतिष्ठान उभं राहिलं आणि कुत्री त्यांच्या हवाली झाली. उन्हाळ्यात काही कुत्री अजूनही खिंडीत नेतात. तीनशे वर्षांची ओळख, जगभर नाव, तरी त्यांनी हात टेकले ते वेळेवर आणि सर्वांसमक्ष. घाटात गाडी थांबवणाऱ्याकडेही हे शब्द होते. ते त्याने चार माणसांत, सहा महिने आधी उच्चारले असते तर दाजीच्या मानेवर वळ नसता.

ताई आता येणाऱ्याला आधी दोषच सांगतात. जेवताना गुरगुरतो. जिना येत नाही. उन्हाळ्यात पंखा पुरत नाही. केस झडतात, भाजीतही सापडतील. नव्या घरात रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा या क्षेत्रातले लोक सांगतात. ताई त्यावर म्हणतात, दाजीचे महिने वर्षाने मोजा. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात. ताईंना त्याचं वाईट वाटत नाही.

नकार मिळालेल्यांपैकी एक कॉलेजचा मुलगा मात्र टिकून आहे. कॉट बेसिसवर राहतो, घरमालक चिमणीही ठेवू देणार नाही. कुत्रा मिळणार नाही हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. तरी तो रविवारी येतो, दाजीसोबत खालच्या पायरीवर बसतो आणि वरच्या पायरीवर चिकनचा तुकडा ठेवतो. दाजीचे पुढचे दोन्ही पाय आता वर जातात. मागच्यांचं काम चालू आहे.