बारा रात्री आणि तिसरा पुरुषार्थ

मधुचंद्राच्या सहली आखून देणं हा माझा धंदा. ठाण्यात, नौपाड्यातल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत चालतो. जोडप्यांचे प्रश्न ठरलेले असतात : व्हिसा कुठे लागतो, व्हेज जेवण मिळेल का, व्हिलाला स्वतःचा पूल आहे ना. त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो आणि तो बहुतेकदा ओठांपर्यंत येऊन थांबतो. मध्यंतरी एका होणाऱ्या सासूबाईंनी तो फोनवर सरळ विचारला. "ताई, जेजुरी झाल्याशिवाय दोघांना विमानात बसवू नका. आणि एवढे पैसे समुद्रावर उधळायचे, हे देवाला तरी पटेल का हो?"

जेजुरीचं मी लगेच कबूल केलं. खंडोबाच्या गडावर नवऱ्याने नवरीला उचलून काही पायऱ्या चढायच्या, ही आपल्याकडची रीतच आहे, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर बायकोला उचलून घ्यायला लावणारं दैवत प्रणयाच्या विरोधात असेल असं मला वाटत नाही. प्रश्न राहिला पैशांचा आणि चैनीचा.

आपल्याकडे चार पुरुषार्थ सांगितले आहेत आणि त्यांत काम तिसरा आहे. तो पळवाट म्हणून मागच्या दाराने आत आलेला नाही. धर्म आणि अर्थ यांच्या पंक्तीला बसलेला आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात तर श्रीकृष्ण म्हणतो, धर्माला सोडून नसलेला काम तो मीच. तेव्हा सुख घेतलं म्हणून देव रागावेल, या म्हणण्याला फारसा आधार नाही. कर्ज काढून, हप्ते बांधून घेतलं तर अर्थाच्या बाजूने चूक ठरेल, पण तो हिशेब ज्याचा त्याने करायचा. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, की चैनीला माझी हरकत नाही, तक्त्याला आहे.

तक्ता त्यांच्या मुलाने एक्सेलमध्ये करून आणला होता. बारा रात्री : बँकॉक दोन, क्राबी दोन, सिंगापूर दोन, बाली तीन, मालदीव तीन. प्रत्येक चौकटीला रंग, एकही चौकट रिकामी नाही. "ताई, एवढे निघालोच आहोत तर सगळं करून घेऊ."

आता धंद्यातली गोष्ट सांगते. हॉटेल अकरा-बाराला सोडायचं असतं आणि पुढचं दोन-तीनच्या आधी हातात येत नाही. मधे विमानतळ, सामान, इमिग्रेशन. म्हणजे मुक्काम हलवला की तो दिवस जवळजवळ गेलाच. मालदीवचं सीप्लेन तर फक्त दिवसाउजेडी उडतं. माले विमानतळावर उशिरा उतरलात तर ती रात्र तिथेच काढायची आणि बेटावरच्या महागड्या व्हिलाचं भाडं चालूच. या हिशेबाने बारांतले चार दिवस बॅगा ओढण्यात जाणार होते. भांडणं होतात ती याच दिवसांत. ती मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळतात, कारण दोघंही वेगवेगळे मेसेज करतात.

उरलेल्या दिवसांत काय, तर फोटो. पूर्व बालीत लेंपुयांगचं देऊळ आहे. दुभंगलेल्या दोन उंच कमानी, मधोमध आगुंग ज्वालामुखी आणि खाली आरशासारख्या तळ्यात त्या सगळ्याचं प्रतिबिंब, असा तिथला फोटो जगभर फिरतो. प्रत्यक्षात तिथे तळं नाही. दगडी फरसबंद अंगण आहे. फोटो काढणारा माणूस मोबाइलच्या लेन्सखाली छोटासा आरसा धरतो आणि तळं तयार होतं. त्या तळ्यासाठी लोक तासन् तास उभे राहतात. नंबर आला की दोन-चार पोझ आणि बाजूला व्हा. देवळातली रांग, पण दर्शनाची नव्हे. मायावाद समजावून सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

या घाईवर आपल्याच परंपरेत उतारा आहे, आणि तो एखाद्या संन्याशाने दिलेला नाही. लग्नानंतरचे पहिले दिवस कसे घालवावेत हे खुद्द वात्स्यायनाने कामसूत्रात सांगितलं आहे. पहिल्या तीन रात्री जमिनीवर निजायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, जेवण अळणी. पुढचे सात दिवस मंगलवाद्यांसह स्नान, नटणं, एकत्र जेवणं, खेळतमाशे बघणं, नातेवाइकांचा मान राखणं. त्यावर एक आक्षेपही तो नोंदवतो : नवरा तीन रात्री खांबासारखा गप्प बसला तर बायको काय समजेल? वात्स्यायनाचं उत्तर असं, की गप्प बसू नये, तिचा विश्वास मिळवायला लागावं, मात्र व्रत मोडू नये आणि जबरदस्ती तर मुळीच करू नये. कामशास्त्राचा हा आचार्य सुखाआधी विश्वास ठेवतो आणि विश्वासासाठी मोकळा वेळ मागतो. आमच्या एक्सेलमध्ये त्याला चौकटच नव्हती.

त्यात योगायोग असा की लग्न फेब्रुवारीत, सहल मार्चमध्ये, आणि बालीच्या तीन रात्रींत न्येपी येत होती. न्येपी म्हणजे बालीतल्या हिंदूंचा वर्षारंभ. त्यांचा शक आणि आपला शालिवाहन शक एकच. 2023 मध्ये तर न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही 22 मार्चलाच होते. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाचे राक्षसांचे भलेमोठे पुतळे वाजतगाजत मिरवतात. मग पहाटे सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत बेट बंद. नियम चार : अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, रस्ते रिकामे. पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच राहायचं, रात्री दिवे मंद, पडदे ओढलेले. 2018 पासून मोबाइल इंटरनेटही त्या दिवशी बंद ठेवू लागले.

नवरदेव म्हणाला, "तारखा बदलूया." सासूबाईंना वेगळीच चिंता : "वर्षाच्या पहिल्या दिवशी दिवा लावायचा नाही?" मी म्हटलं, तारखा बदलू नका. सगळं बेट देवाच्या नावाने स्वस्थ बसलेलं असताना नव्या जोडप्याला एक अख्खा दिवस एकमेकांशी बोलण्यावाचून दुसरं काही करता येत नाही, ही सोय कुठल्याही पॅकेजात विकत मिळत नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो नवरीने घेतला. "काकू, रजाच मुळात दहा-बारा दिवस मिळते. परत कधी जमणार?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या चाळीत नव्या जोडप्याला माथेरानची दोन दिवसांची खोली म्हणजे ऐश्वर्य होतं, कारण दाराला आतून कडी लावता यायची. आज कडी आहे, वेळ नाही. पण वेळ कमी आहे म्हणून त्यात जास्त कोंबायचं, हा सुखाचा नव्हे, गोदामाचा न्याय झाला. जे दुर्मीळ आहे ते राखून वापरावं. शेवटी दोघांनी क्राबी आणि सिंगापूर सोडलं. बँकॉक तीन, बाली सहा, मालदीव तीन. न्येपी ठेवली.

तेव्हा लग्न ठरलेल्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगणं एकच. चैन जरूर करा, ऐपतीत करा, कुलदैवताला जाऊन या आणि मग करा. पण तक्ता करायला बसाल तेव्हा पहिल्यांदा कोरे दिवस लिहा, विमानं त्यानंतर. एखादं शहर राहून गेलं तर त्याने संसाराचं काही बिघडत नाही.