वारसा आणि अपराध

घराण्यातील हृदयविकार आपण सोयरीक जुळवताना सहज सांगतो. मनोविकार मात्र दडवतो. निसर्गाला हा भेद ठाऊक नाही. स्किझोफ्रेनियाशी निगडित काही जनुके रक्तदाब व रक्तातील चरबी यांच्याशीही निगडित असल्याचे २०१३ साली संशोधकांना आढळले. तीव्र मनोविकाराचे रुग्ण सरासरी १० ते २० वर्षे आधी मृत्यू पावतात. हृदयविकार हे त्याचे एक मोठे कारण. धूम्रपान, औषधांनी वाढणारे वजन आणि आपली उपेक्षा यांचाही त्यात वाटा असतो.

जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे? प्रभू येशूने ना त्याला दोषी ठरविले, ना त्याच्या आईवडिलांना. त्याला दृष्टी दिली. वारसा हा अपराध नव्हे. उपेक्षा मात्र आहे. लाजेपोटी घरात कोंडलेल्या आपल्या माणसाचे हृदय कोण तपासणार?