ओळख आणि आठवण

जपानी शब्दांची यादी पाचव्यांदा वाचताना मोठं समाधान मिळतं. ‘मादो’ म्हणजे खिडकी, ‘कासा’ म्हणजे छत्री, ‘वासुरेरु’ म्हणजे विसरणं. सगळे शब्द ओळखीचे वाटतात. मग जपानी रकाना हाताने झाकावा आणि स्वतःला विचारावं, ‘विसरणं’ला काय म्हणतात? बहुतेकांचं मन तिथे कोरं होतं. रस्त्यात चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव काही ओठांवर येत नाही, तशी ही अवस्था. ओळख आणि आठवण यांतला हा फरक शिकणाऱ्याला वेळेवर कळत नाही, आणि त्यातच त्याचे कष्ट वाया जातात.

कार्पिके आणि रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थांसह शिकवले. शब्द एकदा बरोबर सांगता आल्यावर काहींनी तो पुन्हा पुन्हा आठवून पाहिला, तर काही जण तो नुसता वाचत राहिले. आठवड्याने परीक्षा घेतली. आठवून पाहणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, वाचणाऱ्यांना जेमतेम एक तृतीयांश. वाचन कमी पडलं नव्हतं. कमी पडलं होतं ते मनाला ताण देऊन शब्द बाहेर काढणं.

हे आठवणं कधी करायचं, हेही महत्त्वाचं. विसरण्याचा वेग जर्मनीच्या एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडला होता. शब्द निसटायच्या बेतात असताना तो पुन्हा ओढून आणावा, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत न्यावं. ‘आंकी’ हे अ‍ॅप याच तत्त्वावर चालतं. त्या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर. आपल्याकडे याला उजळणी म्हणतात. तांब्याचं भांडं एकाच दिवशी दहा वेळा घासून वर्षभर चकचकीत राहत नाही.

पण सुट्या शब्दाला आठवणीत आधार लागतो, आणि जपानीत तो शब्दांच्या गोतावळ्यात सापडतो. ‘देन’ म्हणजे वीज. ‘देन्शा’ ही विजेवर चालणारी रेल्वे, ‘देन्वा’ म्हणजे विजेवरचं बोलणं, अर्थात फोन, आणि ‘देन्ची’ म्हणजे बॅटरी, अक्षरशः विजेचं तळं! हे तळं एकदा डोळ्यांसमोर आलं की शब्द सहसा हलत नाही. विद्यार्थी, विद्यालय, विद्यापीठ यांतली ‘विद्या’ दिसणाऱ्या मराठी माणसाला ही रचना परकी वाटू नये. मात्र कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, टाळून नुसत्या देवनागरीत वह्या भरल्या तर हे नातं लपतं. ‘देन्गोन’ म्हणजे निरोप. त्यातल्या ‘देन’चा विजेशी काही संबंध नाही. ते कांजीच वेगळं.

आणखी एका ठिकाणी मराठी कान कामी येतो. छातीत ‘दोकिदोकि’ होतं, भांडं ‘पिकापिका’ चमकतं, पाऊस ‘झाआझाआ’ कोसळतो नाहीतर ‘शितोशितो’ पडत राहतो. धडधड, लखलख, धो धो, भुरभुर यांवर वाढलेल्याने हे शब्द यादीतून पाठ करू नयेत. पाऊस पडत असताना खिडकीपाशी उभं राहून ते मोठ्याने म्हणावेत.

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेला पुण्यातूनही पुष्कळ विद्यार्थी बसतात. तिच्यात बोलण्याची परीक्षा नाही, लेखनाची नाही. पर्यायांतून उत्तर निवडायचं. म्हणजे तिथे ओळख पुरते. म्हणूनच पातळीमागून पातळी ओलांडलेला माणूस समोर जपानी पाहुणा आला की गप्प होतो. तेव्हा उद्या सकाळी वही उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या, कालचे आठवतील तेवढे शब्द त्यावर लिहा, आणि मगच वही उघडा.